शिफारशीची चिठ्ठी

पातेल्याच्या काठावर कोरलेलं नाव शालीकरामनं दोनदा वाचलं. 'चुन्नीलाल सुकलाल पटले, १९८९.' शेजारच्या पितळी गंजावर तेच. पराती, कढया, वाढायच्या बादल्या, सगळ्यांवर तेच.

"भांडे कोनाचे हायेत, बाई?"

"मायेच. इकत घेतले," रुख्मा मडावी म्हणाली.

शालीकराम मनातल्या मनात हसला. असं सगळेच म्हणतात.

आदिवासी आणि दलित उद्योजकांना सरकारी नि कंपन्यांची कंत्राटं मिळवून देणाऱ्या गोंदियातल्या एका संस्थेत तो नऊ वर्षं होता. टेंडरचे कागद भरून द्यायचे, साहेबांसमोर कसं बोलायचं ते शिकवायचं, आणि शेवटी संस्थेची चिठ्ठी द्यायची की धंदा खरोखर याच माणसाचा आहे. बिरसीला विमानतळाच्या धावपट्टीचं काम घेतलेल्या कंपनीला दीडशे कामगारांचं जेवण हवं होतं, तेही आदिवासी मालकाकडूनच. चिठ्ठी मिळाली की रुख्माचं काम झालंच. नाही मिळाली, तर तिच्या हाताखालच्या आठ बायका घरी बसणार होत्या. लग्नसराई संपली होती आणि पुढं एकही ऑर्डर नव्हती.

पण मागच्याच वर्षी त्यानं एका गोंड शेतकऱ्याला अशी चिठ्ठी दिली होती. नंतर कळलं, तो एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवायचा आणि सही करण्यापलीकडे त्याला धंद्यातलं काही ठाऊक नव्हतं. भर बैठकीत शालीकरामला उभं करून जाब विचारला गेला. ती लाज अजून उतरली नव्हती. तेव्हापासून दुधानं तोंड पोळल्यागत तो ताकही फुंकून पीत होता.

बाहेर जीप थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत बॅग, पन्नाशी ओलांडलेले चुन्नीलाल पटले आत आले.

"माफ करा साहेब. बाजारात होतो, टाइम झाला."

त्यांनी बॅग उघडली आणि नोंदणी, पॅन, जातीचा दाखला एकेक करून समोर ठेवला. सगळं रुख्माच्या नावावर. कुठं खाडाखोड नाही, कुठं शिक्का राहिलेला नाही. कागद इतके नीट असणं हीच शालीकरामला पहिली खोट वाटली.

"पाटील, सायेबाइले च्या आना जी," रुख्मा म्हणाली.

आणि गाव ज्यांना पाटील म्हणायचं ते चुन्नीलाल खरंच उठले. चहा आणून दिला नि भिंतीला टेकून उभे राहिले. रुख्मा खुर्चीवर बसलेलीच होती. नाटक बरं बसवलंय, शालीकरामच्या मनात आलं.

"पाटलाले कधीपासून वळखता?"

"लहानपनापासून. माया बाप याइच्याकडं सालदार होता."

चुन्नीलाल खाली बघत होते.

"दीडशे मानसाले दाळ किती लागल?"

रुख्मानं डाळ सांगितली, न विचारता तांदूळ आणि तेलही सांगितलं.

"आन् व्हॅटचा नंबर?"

तिनं चुन्नीलालकडे पाहिलं. त्यांनी घडाघडा सांगितला. पहिलं उत्तर पढवलेलं आणि दुसरं खऱ्या मालकाचं, असं शालीकरामनं ठरवून टाकलं.

"पाटील, तुमी जरा बाहेर थांबता का?"

चुन्नीलाल मुकाट्यानं बाहेर गेले. शालीकरामनं आवाज उतरवला. "बाई, भेऊ नोका. धंदा कोनाचा हाय?"

"माया हाय सायेब."

"मंग पाटील इथं दिवसभर काऊन राहतेत?"

रुख्मानं बाहेर पाहिलं. खिडकीतून जीपजवळ उभे असलेले चुन्नीलाल दिसत होते.

"थे मले नोका इचारू," ती हळूच म्हणाली. "मोठ्या घरचे मानूस हायेत. गावात इज्जत हाय त्याइची."

शालीकरामला हवं ते मिळालं. बाई दबावाखाली होती. त्याला तिची कीव आली, अगदी मनापासून आली. पण कीव आली म्हणून खोटी चिठ्ठी देता येत नाही.

ऑफिसात मंजू टायपिंगला बसली होती. नाव ऐकून तिनं मान वर केली.

"चुन्नीलाल पटले? लय मोठं घर सर ते. त्याइच्याकडे पन्नास-पन्नास मानसाची पंगत उठे."

"तेच तर," शालीकराम म्हणाला आणि मजकूर सांगू लागला. 'मालकी केवळ नावापुरती आहे. शिफारस करता येत नाही.'

कंत्राट नागपूरच्या एका आदिवासी कंत्राटदाराला गेलं. तोही शालीकरामच्या माहितीतला, चोख माणूस होता. या खेपेला आपण फसलो नाही, या समाधानात शालीकरामला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

तीन आठवड्यांनी चुन्नीलाल पटले संस्थेच्या दारात उभे राहिले. हा माणूस भांडायला आला असणार, नाहीतर पाकीट सरकवायला. शालीकरामनं मंजूला दार उघडंच ठेवायला सांगितलं.

"बोला पाटील. बाईसाठी आलात?"

"नाही साहेब. माया सोतासाठीच." ते खुर्चीच्या कडेवर बसले. "नागपूरवाल्या पार्टीले डायवर पाहिजे म्हनतेत. तुमची चिठ्ठी चालते म्हने तिथं."

"डायवर? कोनासाठी?"

चुन्नीलालनी वरच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि तळहातानं सरळ केला. खाली रुख्मा मडावीची सही होती.

'श्री. चुन्नीलाल पटले यांनी माझ्याकडे तीन वर्षे पगारावर गाडी चालवली व कागदपत्रे सांभाळली. काम बंद पडल्यामुळे मला त्यांना ठेवता येत नाही. माणूस इमानदार आहे.'