मागची सीट

रंकाळा स्टँड जवळ आला तशा बयाबाई मागून म्हणाल्या, "अमर, मला हितंच उतरीव. मी एस्टीनं जाते."

अमरसिंहनं जीप कडेला घेतली. कागलहून निघून तास झाला नव्हता. गगनबावड्याला बयाबाईंची थोरली बहीण चिमणाबाई अंथरुणाला खिळली होती. 'बयाला एकदा बघू दे,' असा तिचा निरोप दोनदा येऊन गेला होता. दारात एवढी उंच जीप असताना आईनं एस्टीसाठी ताटकळायचं, हे अमरसिंहला फार लागलं.

"कालच मिस्त्रीकडनं गाडी मऊ करायचं काम करून घेतलंय की आई. तुझ्यासाठीच केलंय."

"केलंस बाबा. पर कंबर न्हाय ऐकत."

पुढच्या सीटवरून वडील, हंबीरराव म्हणाले, "एवढं काय न्हाय. मला तर काय सुदीक जाणवलं न्हाय."

तीन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर घाटातल्या चिखलात घालायला म्हणून अमरसिंहनं ही जीप चाकांवर चार इंच उचलून उंच करून घेतली होती. तेव्हापासून ती चिखलात झकास चालायची आणि डांबरावर माणसांची हाडं मोजायची. त्यानं आईला उतरू न देता गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजकडे वळवली. जोतीराम मिस्त्रीशी आज भांडायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

जोतीरामला भांडणाची घाई नव्हती. त्यानं चहा संपवला, कप ठेवला आणि चाकावर एक लाथ घातली.

"मागच्या स्प्रिंगचा जादा पाटा मी काढला. धक्का खाणारं शॉकअप आखूड पडत होतं, लांब बसवलं. हवा किती हाय?"

"चाळीस. लांब जायचंय म्हणून सकाळीच पंपावर टाइट करून घेतली."

"मी अठ्ठावीस ठेवलेली. दगुड केलास की रं टायरचा!"

त्यानं चारी चाकांची हवा कमी केली. मग किल्ली मागून घेतली आणि स्वतःच स्टेअरिंगवर बसला. "आबा, काकू, तुम्ही बाकड्यावर बसा जरा. अमर, तू मागं बस."

"मी कशाला?"

"गाडी तुझी हाय. कधी मागं बसलाईस?"

अमरसिंहनं आठवून पाहिलं. एकदाही नाही.

गॅसच्या पाइपसाठी खणलेला रस्ता आणि दोन गतिरोधक, एवढंच अंतर. पहिल्या गतिरोधकाला त्याचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला तो तयारीत होता, तरी कमरेत कळ गेलीच. हवा कमी करूनही ही गत, मग सकाळी आईचं काय झालं असेल? आणि तीन वर्षं?

"पुढचा माणूस पुढच्या-मागच्या चाकांच्या मधी बसतोय," जोतीराम सावकाश म्हणाला. "मागचा बरोबर चाकावर. तुला खड्डा दिसतोय, तू स्टेअरिंग धरून तयार असतोस. काकूंना काय दिसतंय? तुझ्या सीटची पाठ."

"मग आता?"

"आणि थोडं मऊ करता येईल. पर उचललेली जीप ती, तिची बस हुईत न्हाय. काकूंना पुढं बसीव. एवढा सोपा इलाज दुसरा न्हाय."

अमरसिंह खाली उतरला. त्याला आईकडे बघवत नव्हतं.

"आई, तू पुढं बस."

बयाबाई हसल्या. "आणि हे कुठं बसतील?"

लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला, कुठंही निघालं तरी पुढची सीट हंबीररावांची. कमरेत इंजेक्शन घेऊन परततानाही बयाबाई मागेच बसल्या होत्या. हा नियम कुणी केला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा कुणी, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"सोड," बयाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ह्यास्नी मागं बसवायचं म्हंजे काय? लोक काय म्हणतील?"

हंबीररावांनी बाकड्यावरून उठून विजार झटकली. "लोक कागलात राहिली," ते म्हणाले, आणि मागचं दार उघडून, दोनदा पाय घसरून, एकदाचे आत चढले.

जोतीरामनं बयाबाईंना चढायला स्टूल लावलं.

बालिंग्याचा पूल मागे पडला. एका खड्ड्यात मागून "अगं आई गं!" असा आवाज आला. थोड्या वेळानं हंबीरराव म्हणाले, "अमर, चाकात हवा जास्त झालीया काय, बघ की."

"हवा बरोबर हाय, आबा."

मैलभर पुढे गेल्यावर हंबीररावांनी पुढच्या सीटला धरून विचारलं, "कंबर कशी हाय गं?"

बयाबाईंचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या काचेतून सरळ समोर बघत होत्या. उसाच्या मधून रस्ता वळत वळत लांबवर गेला होता आणि त्याच्या टोकाला निळे डोंगर उभे होते.

"ह्या वाटंला एवढ्या लांबनं डोंगर दिसत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एकदम गगनबावडाच येतोय."