ठेवणीतली गाडी

"ताडपत्रीला हात लावू नका, मीच काढतो," म्हणत विनायक टिपणिसांनी चारही गाठी सोडल्या. गॅरेजमध्ये लाल रंग झळकला.

हिंमतराव कमरेवर हात ठेवून बघत राहिले. जन्मभर लष्कराच्या वर्कशॉपात घालवून कँटोन्मेंटमधून निवृत्त झालेला हा माणूस आता गुडगावच्या एका शौकीन शेठच्या जुन्या गाड्या सांभाळत होता. शेठ त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. हिंमतराव हो म्हणतील ती गाडी तो घेई, नाही म्हणतील तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

टिपणीस स्वतः तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. मग सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर जाणार, त्याबरोबर गॅरेजही जाणार. नोएडाच्या फ्लॅटखाली गाडी उन्हापावसात उभी करायची म्हणजे तिला स्वतःच्या हाताने मारणंच. चौऱ्याहत्तर साली एका वकिलातीतल्या साहेबाची ही छोटी विलायती एमजी त्यांनी लिलावात घेतली, तेव्हा सगळं ऑफिस हसलं होतं. "हसा लेको, पुढे सोन्याचा भाव येईल," असं ते बावीस वर्षं सांगत आले होते. टिपणीस शहाणे की खुळे, याचा आज निकाल होता.

हिंमतराव खरं तर रविवारी यायचे होते, पण आज मंगळवारीच थेट ऑफिसात येऊन थडकले. टिपणिसांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना घेऊन तडक घर गाठलं.

"एकोणऐंशीपासून गॅरेजबाहेर काढलेली नाही," टिपणीस अभिमानाने म्हणाले. "दर रविवारी मलमलने पुसायची, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, परत झाकायची. वस्तू वापरली की झिजते. आमच्या आईची पैठणी अजून नवी आहे, ती याचमुळे."

हे सगळं त्यांनी कॉलनीतही सतरा वर्षं सांगितलं होतं. ऐकून शेजारी एकमेकांकडे बघून हसत. जळतात मेले, असं टिपणीस समजत.

हिंमतरावांचा चेहरा मात्र पडला.

"सतरा वर्षं उभी? मग कशाला आलो यार मी! साहेब, पैठणी निराळी, गाडी निराळी. गाडी बैलासारखी असते. जुंपली नाही तर बसते. रबरं सुकतात, टाकी गंजते, ब्रेक जाम होतात. वरून नवरी दिसते, आतून सांगाडा."



तेवढ्यात हेमलताबाई चहा घेऊन आल्या. "विकायची एवढी घाई कशाला?" त्या म्हणाल्या. "राहू द्या की अजून दहा वर्षं. जागा बघू कुठेतरी."

टिपणिसांना हे नवीन होतं. या गाडीला आजवर 'सवत' याखेरीज दुसरं नाव न देणारी बायको हे बोलत होती!

"अगं, आज मंगळवार. तुझ्या भजनाची वेळ झाली ना?"

"एक दिवस नाही गेले तर काय बिघडतंय?" म्हणत त्यांनी फाटकाकडे नजर टाकली.

टिपणिसांना भरून आलं. हेमलता, ब्लॉकमधल्या प्रभाताई आणि अरुणा यांच्या भजनी मंडळाचा अकरा वर्षांत एक मंगळवार चुकला नव्हता. मंगळवारी संध्याकाळी ते ऑफिसातून येत तेव्हा तिच्या गालांवर लाली असे, केस विस्कटलेले असत, जेवणही दोन घास जास्त जाई. घरात ती ओळ गुणगुणतही नसे, पण भक्तीचा असा परिणाम त्यांनी दुसऱ्या कुणावर पाहिला नव्हता. तेच भजन आज नवऱ्याच्या काळजीपोटी बुडवत होती बिचारी.

ते गाडीत बसले. गुडघे आणि पोट, दोन्ही नेहमीप्रमाणे स्टीअरिंगला टेकले. पोट फारच सुटलंय आपलं, असं मनाशी म्हणत त्यांनी चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन घुमलं.

हिंमतरावांनी मान तिरकी करून ऐकलं. मग त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, जॅक लावून गाडी उचलली, मागचं एक चाक उतरवलं, जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकले. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती.

"साहेब, जरा इकडे या."

टिपणीस आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीखाली आडवे झाले.

"ब्रेक बघा, कसे चकाकतायत. रबरं लोण्यासारखी मऊ. आणि ही चिकटलेली माती ताजी आहे. ही गाडी दर आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर पळते."

"अशक्य! चावी देवघरात असते. चोर रोज नैवेद्य दाखवून नेतो की काय?"

"ते मला ठाऊक नाही. पण जो कोणी चालवतो, त्याचा हात बिल्कुल उस्तादाचा. क्लच एवढासा घासलेला नाही. आमच्या वर्कशॉपात असा एक ड्रायव्हर नव्हता." हिंमतराव खूश होऊन हसले. "साहेब, गाडी हिरा आहे. शेठ आज घेईल. पण मला विचाराल तर विकू नका. ही अशीच पळत राहिली तर दहा वर्षांत भाव तिप्पट. उभी राहिली की खलास!"

टिपणिसांना धुळीत पडल्या पडल्या नाचावंसं वाटलं. बावीस वर्षांचं हसू एका वाक्यात धुऊन निघालं होतं. आणि त्याच वेळी डोकं गरगरत होतं. कोण हा उस्ताद? वॉचमन? समोरच्या ब्लॉकमधला तो पंजाबी पोरगा?

इतक्यात गॅरेजच्या दारात चपलांचे दोन जोड येऊन थांबले. हेमलताबाई जोरात खोकल्या.

"अहो प्रभाताई, आज ना..."

"आज-बिज काही ऐकायची नाही मी," प्रभाताईंचा खणखणीत आवाज आला. "गेल्या मंगळवारी या अरुणाने हिंदूराव हॉस्पिटलची चढण चढून इंडिया गेटपर्यंत स्टीअरिंग सोडलं नाही, आज चालवायचा नंबर माझा!"