वेटिंगमधलं पहिलं नाव

सुंदरम्माने कागद पुढे सरकवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"सही कर की. दोन वर्सं सोडून जायचं न्हाय, एवढंच. ऑफिसात खुर्ची, वर पीएफ. मालकाचं मन बदलायच्या आत कर."

"पाचला करते," सबा म्हणाली.

"पाचला काय मुहूर्त हाय?"

सबा नुसती हसली. टॉवेलच्या त्या कारखान्यात पॅकिंगच्या सगळ्या बायका सुंदरम्माच्या हाताखाली होत्या, आणि सबासाठी तिनेच मालकाकडे शब्द टाकला होता. तिला काय सांगणार? की पुण्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या वेटिंगमध्ये आपलं नाव पहिलं आहे, जागा मिळाली तर फी माफ, आणि आज पाचपर्यंत कॉलेजचा फोन आला नाही तर ती जागा हातची जाणार?

घरीही तिने सांगितलं नव्हतं. तिच्या पुढच्या शिक्षणाचे पैसे जानेवारीत एका फोनवर गेले होते. "वीज तोडतोय, ओटीपी सांगा," असं कुणीतरी दरडावलं आणि अब्बांनी घाबरून सांगितला. रिक्षा चालवून आठ वर्षांत साठवलेलं बघता बघता साफ झालं. बंदेनवाज रिक्षावाल्याचं हसणं अख्ख्या पेठेच्या ओळखीचं. तो माणूस आठवडाभर धड जेवला नाही. सबाने स्वतःचा फोन विकला, अब्बांना समोर बसवून फसवे फोन ओळखायचे चार धडे दिले आणि म्हणाली, "मला कुठं पुढं शिकायचंय?" इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती.

नव्या अर्जाचं कळलं असतं तर पुण्याच्या खर्चासाठी अब्बांनी रिक्षा विकली असती. म्हणून जागा पक्की झाल्यावरच सांगायचं, असं तिने ठरवलं. अर्जावर नंबर अब्बांचाच होता. सोमवारी यादी लागल्यापासून रोज संध्याकाळी रिचार्ज बघायच्या निमित्ताने ती त्यांचा फोन हातात घेई. ना मेसेज, ना मिस कॉल.

पाचला पाच कमी असताना तिने सुंदरम्माच्या फोनवरून अब्बांना फोन लावला.

"अब्बा, कुणाचा फोन आलता का?"

 अब्बा घाईघाईने म्हणाले, "कुणाचा येणार, बेटा? तू कामाकडं बघ."

पाच वाजले. सबाने आणखी दहा मिनिटं उगाच काढली आणि सही केली. पेन ठेवताना तिला रडू आवरेना. सुंदरम्माने आनंदाचे अश्रू समजून तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी घरी आली तर अब्बांनी जिलेबी आणून ठेवलेली. खुर्चीची बातमी गल्लीत तिच्या आधीच पोचली होती. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले. सबाला वाटलं, चला, एवढं तरी झालं. पुढचं पुढे बघू, दोन वर्षं काय चुटकीसरशी जातात.

"आता तुला सांगायला हरकत न्हाय," अब्बा हात पुसत म्हणाले. "तुला घोर लागंल म्हणून बोललो न्हवतो. तीन दिवस झाले, एक बाई फोन करत होती. पुण्याची म्हणे. गोड बोलायची लई."

सबाच्या हातातली जिलेबी तशीच राहिली.

"तुमच्या मुलीला जागा मिळाली, फी माफ हाय, फकस्त हो म्हणा. तुझं पुरं नावसुदीक कुठनं तरी काढलेलं! मी एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरनं करायची. आज तर रडकुंडीला आली, पाचच्या आत सांगा म्हणाली. तू शिकवलंस तसंच केलं सगळं. फोन कापला, मेसेज पुसले, कुणाला कायबी सांगितलं न्हाय."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच अब्बांची मान ताठ होती.

"पुन्यांदा न्हाय फसलो, बेटा."