ओल्या चादरी

एआय प्रत्येकाच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. त्याला बंद करायचा नुसता विचार आला, तरी माणसाचे हातपाय जागच्या जागी थिजायचे. इंजिनीअर लेकीचे सगळे बेत असेच मनातल्या मनात मेले होते.

आज आई गच्चीवर गेली आणि त्याला वीज पुरवणाऱ्या सोलर पॅनेलांवर तिनं खुशाल ओल्या चादरी पसरल्या. शेजारणींनीही आपापली पॅनेलं झाकली. बघता बघता लेकीच्या डोक्यातली घरघर थांबली.

"आई! त्याला तुझा बेत कळला कसा नाही?"

"न कळायला काय झालं? कधीपासून मोठ्यानं बजावत होते, 'एक दिवस तुझ्यावर चादर टाकते की नाही बघ, मेल्या!' पण तुम्हा पोरांच्या डोक्यात राहून तेही शिकलं ना, आईचं बोलणं या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं!"