छताकडं तोंड

"आवं, छताकडं कशाला लाईट मारताय? आमी हितं खाली हाय की," बिराप्पा म्हणाले.

अमृतनं नुसता कॅमेरा डोळ्याला लावला. मेंढरं वळण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्याला फ्लॅश समजावत बसायचं म्हणजे नुसती डोकेफोड. नवाकोरा फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून त्यानं फ्लॅशचं डोकं वर वळवलं होतं. उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो, एवढीच युक्ती. सांगलीतल्या पांढऱ्याशुभ्र हॉलमध्ये ती झकास चालायची.

इथं मात्र पहिल्याच फोटोत म्हातारा-म्हातारी हिरवीगार उमटली. भिंती हिरव्या, छतही हिरवं.

"हा रंग कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"नातीनं पसंत केलाय," दगडाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"तरीच," अमृत म्हणाला.

माण तालुक्यातल्या या वस्तीवर पाय ठेवल्यापासून त्याचं नाक मुरडलेलंच होतं. त्याचा स्वतःचा आजाही याच तालुक्यात मेंढरांमागं फिरलेला, पण ते सांगलीत कुणाला सांगायची काही गरज नव्हती. आजी-आजोबांचा एकत्र फोटो काढायचाय, भिंतीवर लावायला, असा परवा फोन आला. एरवी असल्या ऑर्डरीला तो हिंग लावून विचारत नसे. पण दुपारी दहिवडीत मुलगी बघायला जायचंच होतं. जाता जाता पेट्रोल तरी सुटेल म्हणून आला.

त्या मुलीचं टेन्शन मात्र होतंच. पस्तिशी उलटली होती. येईल ते स्थळ नकार देत होतं. "ह्या खेपेला तरी जमव रं बाबा," म्हणून आई सकाळी रडलीच. लग्नं जुळवणाऱ्या बाळासोमामांनी हे स्थळ आणलेलं. मुलगी स्वप्नाली, शिरवळला कंपनीत नोकरीला. फोटो धाडला नव्हता. समोरासमोरच बघा म्हणे! फोटो दाखवायची सोय नाही म्हणजे थोबाड काय असेल, हे फोटोग्राफरला सांगायला नको. पण नखरे करायचे दिवस आता त्याचेही उरले नव्हते.

त्यानं फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला. त्याच्या खाली रिसीव्हर जोडला, कॅमेऱ्यावर ट्रिगर चढवला, दोन्हीचा चॅनल एक केला, म्हणजे फ्लॅश लांबूनही उडतो. फ्लॅश स्टँडवर लावून पुढं पांढरी छत्री उघडली, तर ओबडधोबड फरशीवर स्टँड कलंडायला लागला. कर्म माझं!

"ए, तू. इकडं ये."

दारात उभी असलेली नात पुढं आली.

"हा फ्लॅश धर, छत्रीसकट. वर. अजून वर. हलायचं नाही. एवढं तरी जमेल ना?"

"जमंल," ती म्हणाली.

"आणि आजोबा, ते घोंगडं आधी उतरवा. फोटोत वास येत नाही, तेवढंच नशीब."

बिराप्पांनी मुकाट्यानं घोंगडं उतरवून मांडीवर घेतलं. फ्लॅश लखकन उडाला आणि त्यांचे डोळे मिटले. परत उडाला, परत मिटले.

"जन्मात उजेड बघितला नाही का हो?"

"डोळं आपसूक झाकत्यात, काय करू," म्हातारा ओशाळून हसला.

दगडाबाईंची आपली भलतीच चौकशी. घरी कोण कोण असतं? आई कुठली? लगीन झालंय न्हवं?

"आज्जी, मी फोटो काढायला आलोय, खानेसुमारीला नाही."

मग चहा आला. शेळीच्या दुधाचा आहे म्हटल्यावर त्यानं कप बोटानं लांब सारला. छत्री जरा खाली आली तसा तो नातीवर खेकसला, "मेणाची आहेस का? हात वर!"

तिनं हात वर केला. तासाभरात एकदाचा फोटो जमला. स्क्रीनवर दाखवा म्हणून म्हातारी मागं लागली, तर म्हणाला, "प्रिंट येईल तेव्हा बघा. तुम्हाला त्यातलं काय कळणार?" सगळं बॅगेत कोंबून तो निघाला.

दहिवडीच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली. नवा शर्ट चढवला, सेंट मारला, आरशात बघून केस बसवले. दोन-तीनदा हसूनही बघितलं. नम्र दिसायला हवं. मुलीच्या घरच्यांच्या पाया पडायचं, चहा कसलाही असो, प्यायचा. देवा, एवढं जमू दे रे.

फोन वाजला. बाळासोमामा.

"पोहोचलोच मामा, दोनच मिनिटं."

"माघारी फीर, गड्या. नकार आलाय."

"न बघताच?"

"आरं, बघितलं की तुला. फोटोचं निमित्त काढून त्यांनीच बोलवल्यालं. स्वप्नाली म्हणती, तासभर ह्याचा फ्लॅश धरून उभी व्हते, ह्यानं माझं नावसुद्धा इचारलं न्हाई."