दृष्ट

नमनगान शहरातल्या सूतगिरणीत जर्मन, चिनी आणि सोव्हिएत यंत्रं शेजारी नांदत होती, पण एकमेकांशी बोलत नव्हती. मोहिराने त्यांना एका सॉफ्टवेअरमध्ये जोडलं होतं. आजच्या चाचणीत सगळी एका हुकमासरशी हलली नाहीत तर तिची मेहनत भंगारात जाणार होती. त्याआधी संचालक तुर्सुनअकांनी संगणकाची दृष्ट काढायला इसिरिकच्या पाल्याचा धूर केला, तोही सढळ हाताने. आगीचा भोंगा किंचाळला आणि अख्खी गिरणी चिडीचूप झाली. “पाडलीस ना बंद, पोरी?” “मी नाही, अका. धूर तुमचा. सॉफ्टवेअरने आग समजून सगळ्यांना थांबवलं.” “त्या सोव्हिएत म्हातारीलाही?” “तिलाही.” जन्मभर त्या यंत्राला लाथेने थांबवत आलेल्या तुर्सुनअकांनी हातातलं धुपाटणं खाली ठेवलं. “मग उठव बरं सगळ्यांना.” मोहिराने एक कळ दाबली. तीन देशांतला एक नकाशावर उरला नव्हता, पण कामाला तिन्ही एकदमच लागले.