वाकडी मुळी

"अजून दुखतं?" डॉक्टर शामसुंदरांनी आरशाच्या दांडीनं दाढेवर ठोकून पाहिलं.

"दुखते ना," गिरजाबाई म्हणाली. धडधडीत खोटं. दाढ तीन आठवड्यांपासून गप्प होती.

पण दवाखान्याचा मंगळवार गेला म्हणजे आठवड्याचं बोलणंच गेलं. भिलाईचा कारखाना अजून उभाच राहत होता. नवरा, टिकाराम, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवरची पाळी करून यायचा आणि दोन घास खाऊन आडवा व्हायचा. सेक्टर सहाच्या त्या नव्या लायनीत एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला पंजाबी. समोर क्लार्कबाबूंची रमा तेवढी मराठी. पहिल्या दिवशी ती गोड बोलली, साखर-बिखर लागली तर सांगा म्हणाली, मग आडनाव विचारलं. गिरजाबाईनं सांगितलं. त्यानंतर रमाचं दार तिला कधी उघडं दिसलं नाही.

म्हणून दवाखान्यात कार्ड पुढं करताना तिचा अंगठा न चुकता आडनावावर यायचा. टेबलावर ती ते पालथंच ठेवायची.

पहिल्याच दिवशी कंपाउंडर म्हणाला होता, "निकाल दीजिए साहब, पाँच मिनट का काम है." डॉक्टरांनी दाढेचा फोटो उजेडात धरला. "मुळी फार वाकडी आहे. दाढ न काढता नस काढू, पण सरळ सुई घातली तर आत मोडेल. आधी सुईच वाकवावी लागते." पुस्तकात लिहितात तसली मराठी. केसाएवढी बारीक सुई त्यांनी चिमट्यानं हलकेच वाकवली आणि तिचा जबडा बोटांत धरला. गिरजाबाईच्या मनात आलं, ह्याला आडनाव कळलं तर हा बोटं मागं घेईल.

आज डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"नस मी चौथ्या मंगळवारीच पूर्ण काढली, बाई. ही दाढ आता दुखूच शकत नाही."

चोरी पकडली गेली. गिरजाबाईनं पदर सावरला, घाईघाईनं चपला शोधल्या. मग एकदम थबकली.

"मंग तुमी मले कावून बोलावून राहिले?"

कंपाउंडर बाहेर होता. डॉक्टरांनी पालथं कार्ड उचललं, सुलटं केलं आणि आडनावावरून सावकाश बोट फिरवलं. पुस्तकातली मराठी कुठल्या कुठं गेली.

"माय, मले तरी इथं जयभीम घालाले दुसरं कोन आहे?"